खाडीच्या तोंडाशी न दिलेली हाक

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्हां अनोळखी वाचकांशी बोलताना सोपं जाईल असं वाटलं होतं — तसं काही होत नाहीये.

मी नागपूरची. समुद्र आमच्यापासून इतका लांब, की इथे शार्कचं नाव काढलं तरी लोक हसतात. तरी पोहण्याच्या तलावावरच्या पोरींना समुद्राचे नियम शिकवते ती मीच. मिहानमधल्या कंपनीची ऑफिसबस पकडायच्या आधी रोज पोहायचं आणि रविवारी पोरींना काठावर बसवून बोलायचं. पहाटे आणि दिवेलागणीला समुद्रात उतरू नका, ती शार्कची शिकारीची वेळ. खाडीच्या तोंडाशी, गढूळ पाण्यात नको. जिथे जाळी झाडतात, मासळीची घाण टाकतात, तिथे तर नकोच नको. चमकणारे दागिने काढून ठेवा. दिसलाच तर हातपाय झाडू नका, त्याच्यावरून नजर काढू नका, हळूहळू मागे या. आणि सगळ्यात आधी — जोडीदाराला सांगा. माणसाला चावल्याच्या घटना फार विरळ, हेही सांगते, उगाच कुणी घाबरायला नको. आता हे सगळं तोंडपाठ असलेल्या बाईनं काय केलं, ते ऐका.

सुषमा माझी पोहण्यातली जोडीदार. कोराडीच्या वसाहतीतून पहिली बस पकडून यायची आणि केसांत वीजघराची राख बसलीय म्हणून स्वतःचीच चेष्टा करायची. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघी पहिल्यांदा कोकणात पोहायला गेलो, आणि तिथे अस्सल नागपुरी चूक केली. आम्ही उन्हाच्या धाकात वाढलेली माणसं. पोहायचं ते ऊन चढायच्या आत, हे हाडीमाशी मुरलेलं. त्यात समोर लाटा फुटत होत्या आणि बाजूला, खाडीच्या तोंडाशी, पाणी कसं आमच्या तलावासारखं शांत! सुषमा म्हणाली, "हे आपलंच पानी वाटून राह्यलं वं." मला नियम आठवला नाही, असं म्हणू का? आठवला होता. म्हटलं, आपल्याला काय होतंय. उजाडता उजाडता उतरलो.

सुषमा पुढे, मी थोडी मागे. श्वास घेतला, तोंड पाण्यात घातलं, आणि — तो खालून गेला.

कसं सांगू? त्या गढूळ पाण्यात आधी काहीच नव्हतं, मग सगळीकडे तोच होता. माझ्याहून लांब, राखाडी, पाठ रुंदच्या रुंद. घाई नाही, आवाज नाही. शेपटी एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि तेवढ्यावर ते एवढं धूड सरकत होतं. डोळा दिसला. लहान, गोल. त्यात माझ्याविषयी काहीच नव्हतं — राग नाही, भूकही नाही. मी तिथे असले काय, नसले काय! आजही तो डोळ्यांपुढे आला की अंगावर काटा येतो, आणि तो भीतीचा नसतो. देवळात हात आपोआप जोडले जातात ना, तसं काहीतरी आत झालं होतं. इतकं सुंदर मी त्यानंतर काही पाहिलेलं नाही.

इथेच थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं. भान हरपलं म्हणून आवाज फुटला नाही — ऐकायला छानच वाटतं ते. पण मी भानावर होते. डोकं वर काढलं, आणि त्याच्या पाठीवरचा त्रिकोणी पर सुषमाच्या दिशेला वळताना पाहिला. तोंड पाण्याबाहेर होतं. छातीत श्वास होता. आणि मनात आलं, अगदी स्वच्छ शब्दांत आलं — तो तिच्याकडे जातोय, म्हणजे मला वेळ आहे.

मी वळले. पाणी न उडवता, पोरींना शिकवते तसं शिस्तीत पोहत किनाऱ्याकडे आले. पायाला वाळू लागली, तेव्हा कुठे ओरडले.

तो तिच्या वाटेला गेलाच नाही. खोल पाण्यात निघून गेला असावा. सुषमा हसत बाहेर आली. मी काय पाहिलं ते तिला सांगितलं, आणि वर म्हटलं, "कधीची हाका मारून राहिली तुले!" कुणी विचारलं होतं का मला? नाही. ती म्हणाली, "मले आधीचं काहीच ऐकू नाही आलं. माह्यासाठी काहून थांबली वं तू?" आणि ती रडली. मी तिला जवळ घेतलं. घेऊ शकले, याचीच आज लाज वाटते.

नागपूरला आल्यावर तिनं कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. तिला पटलं नाही. समुद्रात ती पुन्हा उतरली नाही. रस्ता ओलांडतानाही हल्ली शेजारच्याला विचारते, गाडीचा आवाज येतोय का म्हणून. पोरींना सांगते, ताईचं ऐकत जा, मी नव्हतं ऐकलं.

आता तिची मुलगी पहिल्यांदा समुद्रात पोहायला निघाली आहे, माझी जोडीदार म्हणून. परवा तिची पिशवी भरता भरता सुषमा म्हणाली, "तुह्यासंग हाये, म्हनून मले घोर नाही." मी म्हणाले, पाठव.

सुषमा, हे वाचशील तू. तुझ्या कानांना काही झालेलं नाही. पाण्यात होते तोवर मी हाक मारलीच नव्हती.