उडालेली रेघ
अक्षर वाईट आहे, शुद्धलेखन चुकतं, चौथीच शिकले, सांभाळून घ्यावं. आज शाई सांडली आणि तिच्या वासानं लखनौ आठवलं. त्र्याण्णव साली विकास नगरात मी एका मराठी साहेबांकडे स्वयंपाक करायची. मागच्या खोलीत त्यांचं यंत्र होतं. पृथ्वीची ओढ क्षणाक्षणाला किंचित बदलते म्हणे, ती मोजून सुई कागदावर शाईची रेघ काढायची. कुणी चाललं तरी रेघ उडायची, म्हणून त्यांचं मोजणं संपेपर्यंत मी पाटावरून उठायचं नाही, असा नियम होता. त्या दुपारी तापानं फणफणलेली माझी मुलगी सोबत होती. यंत्राजवळ पोर नको म्हणून तिला अंगणात निजवलं. ती रडायला लागली. "साहेब, जाऊ का?" "अगं, रडून कुणी मरत नाही. बस." मग रडणं एकदम थांबलं आणि मी धावले. तिला झटके येत होते. मागून साहेब कागद घेऊन आले. "देखो, सारी मेहनत चौपट! ही उडी तुझीच ना? वाया गेलेल्या कामाचे पैसे पगारातून कापीन." मी मान खाली घालून "हो" म्हणाले. मुलगी वाचली, पण तिला उजवा हात आजही उचलता येत नाही. होळीच्या पगारातून शेवटचे पैसे कापून साहेब हसत म्हणाले, "चलो, तुझं सगळं फिटलं."