थ्रेशरजवळची बाई

आमचा भाग अजून मध्य प्रदेशातच होता तवाची गोष्ट. रसमडा गावाकडं धानाच्या खळ्यावर त्या बाईले मी एकदाच पाहिलं. प्लांटात मले सुट्टी होती, म्हणून मजुरीवर गेलेल्या माझ्या बायकोले आणायले गेलो होतो.

त्या बाईचा उजवा हात कोपरापासून नव्हता. थ्रेशरनंच खाल्ला होता. मशीन सुरू व्हायच्या आधी ती एकेकीचा पदर ओढून पाहे अन् कमरेले घट्ट खोचायले लावे. पोरं जवळ आली की खराटा घेऊन धावे. बायका हसत, “आली फौजदारीण!”

मशीन सुरू झाल्यावर वाकताना माझ्या बायकोचा पदर सुटला अन् मशीनच्या फिरत्या पट्ट्यात गेला. मी नुसता ओरडलो. त्या बाईनं डाव्या हातानं कमरेचा विळा उपसला अन् एका झटक्यात पदर कापला. बायको मागं पडली, अन् नव्या लुगड्यासाठी रडू लागली.

“लुगड्यासाठी इतकी रडून राहिली?” बाई म्हणाली. “मी हातासाठीबी इतकी नाही रडली वो!”

मालकानं बंद केलेलं मशीन पुन्हा सुरू केलं. मले तिकडं पाहवत नव्हतं. ती मात्र जाऊन पट्ट्याजवळच उभी राहिली.

औंदा बायको गेली. जाताना तिचा हात माझ्या हातात होता. तो कोणामुळं होता, ते मले ठाऊक आहे.