उकळमामी

माझ्या मामीला अख्खी गल्ली उकळमामी म्हणायची, आणि ते नाव ठेवलं होतं खुद्द माझ्या मामाने. "हिच्यासमोर फार वेळ एका जागी बसू नका," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "उचलून पातेल्यात टाकेल." मामी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. फारच झालं तर म्हणायची, "तुम्ही उकळून स्वच्छ होणाऱ्यातले नाही." मग मामा खूश. त्यांचा संसार असाच चालायचा.

तळमजल्यावरच्या दोन खोल्या. आतली त्या दोघांची, बाहेरची पाळणाघराची. मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आले तेव्हा मला पुस्तकं ठेवायला एक फळी मिळाली आणि खेळण्यांना मात्र अख्खं कपाट. मी फणकारले, "मी माणूस आहे की नाही या घरात?" मामी म्हणाली, "तू तुझी पुस्तकं तोंडात घालतेस का?"

मामीला मूल नव्हतं. लोक कळवळून म्हणायचे, म्हणून बिचारी दुसऱ्यांची पोरं सांभाळते. हे कानावर आलं की तिचा पारा चढायचा. "मूल नाही म्हणून नाही हो. मला हे काम येतं म्हणून!"

आणि येत तर होतंच. संध्याकाळी शेवटचं पोर आईच्या कडेवर बसून गेलं की टब बाहेर यायचा. सिलिकॉनची सगळी खेळणी, हत्ती, चांदण्या, एकात एक बसणाऱ्या वाट्या, दात येणाऱ्या पोरांनी चावून चावून चिकट केलेल्या कड्या, कोमट पाण्यात पडायची. साबण बिनवासाचा आणि नखभर. "सिलिकॉन वास पितं गं," ती सांगायची, "आज गुलाबाचा साबण लावलास तर उद्या पोराच्या तोंडात गुलाब." मऊ ब्रशने खाचाखोचा घासायच्या, धारेखाली धरून साबण पार घालवायचा, आणि मग ते प्रसिद्ध पातेलं. त्यात दूध नाही, भाजी नाही, दुसरं काही म्हणजे काही नाही. तळाशी जाळी, कारण खेळणं तापलेल्या तळाला टेकता कामा नये. आत खुळखुळा असला किंवा लाकडाची मूठ असली तर ते उकळायचं नाही, ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. निथळायला टॉवेल चालायचा नाही, त्याची सगळी लव सिलिकॉनला चिकटते म्हणून स्टीलची चाळणी. खडखडीत कोरडं झाल्याशिवाय कपाटात काही जायचं नाही, आणि जायचं तेही भोकाभोकांच्या डब्यात, उन्हापासून लांब आणि कांद्यालसणापासून त्याहून लांब.

कुणी पोटाला भोक असलेलं अंघोळीचं बदक आणलं की मामी ते कात्रीने उभं चिरायची आणि आतली काळी बुरशी त्या आईला दाखवायची. आया शहारायच्या. एकदा मात्र बदक नवंकोरं निघालं. आत काहीच नाही! पोराने असा गळा काढला की मामाला तसंच उठून दुसरं बदक आणायला पळावं लागलं. पुढे कितीतरी दिवस मामा घरात शिरताना आधी विचारायचा, "कात्री कुठे आहे?"

शेवटचं काम ताणायचं. प्रत्येक खेळणं दोन्ही हातांनी ताणून खिडकीच्या उजेडात धरायचं. कुठे चीर असेल तर ती तोंड उघडते. दिसली की खेळणं थेट कचऱ्यात, मग ते कुणाचं कितीही लाडकं असो. आज चीर, उद्या तुकडा, आणि तुकडा गेला पोराच्या घशात तर काय करशील, असं ती विचारायची. हे बोलताना मामी कधी चेष्टा करायची नाही. मी शेजारी पुस्तक उघडं धरून बसायचे आणि पानाऐवजी तिचे हात बघायचे. मामाची बडबड चाललेली, पातेल्याची वाफ खिडकीवर बसलेली. काय सुखाचे दिवस होते ते!

पुढे माझं लग्न झालं आणि मी शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. मामा गेला. गुडघे कुरकुरायला लागले तशी मामीने पोरं कमी करत आणली आणि शेवटी पाळणाघर बंद केलं. कपाट मात्र हलवलं नाही. "तुझं येऊ दे," ती म्हणायची, "ते एक सांभाळलं की मी सुटले." त्यामुळे माझ्या लेकीचं ती जन्मायच्या आधीपासून ठरलेलं होतं. मी कामावर परत जाणार आणि ती दिवसभर मामीकडे राहणार. मामाच्या माघारी मामी या एका गोष्टीवर तग धरून होती. आणि दुसऱ्या कुणाकडे लेकीला ठेवायला माझाही जीव धजत नव्हता.

सुरुवातीचे आठवडे मजेत गेले. मग एका संध्याकाळी मी तिला न्यायला आले, तर लेक सतरंजीवर पालथी पडून हातपाय मारत होती आणि मामी तिच्याशेजारी तळहात पुढे धरून बसली होती. तळहातावर हत्तीच्या सोंडेचा तुकडा होता, शेंगदाण्याएवढा.

"हिच्या हनुवटीला चिकटला होता," मामी म्हणाली. "बाहेर आला म्हणून ठीक. आत गेला असता तर?"

मी झटकन लेकीला उचललं, तोंडात बोट फिरवून बघितलं. छान होती, वर माझ्या बोटाला चावली. मग मी उसनं हसून म्हटलं, "काही झालं नाही ना? जुना झाला होता हत्ती. आज फाटला असेल."

"एका दिवसात नाही फाटत. चीर कालही असणार. काल मी तो ताणला, आणि मला कळलं नाही." तिने बोटं एकमेकांवर चोळली. "बधिर झालीत गं. ताणते, आणि मला आपलं वाटतं की ताणलं. उद्यापासून आणू नकोस हिला."

मी मुळातच तडतडी, असा भडका उडाला माझा! म्हटलं, एवढ्याशा गोष्टीचा बाऊ करू नकोस, खेळणी मी घरून धुऊन, तपासून आणत जाईन, तू नुसतं सांभाळ.

"आणि बाटलीचं बूच? अंगातल्या झबल्याचं बटण? ते कोण तपासणार? दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर मी या हातांनी ठेवून घेतलं नसतं. मग तुझं कसं ठेवू?"

"अगं, एकदा चुकलं!"

"एकदाच चुकलं का, ते बघू." तिने कपाटातला डबा आणून माझ्या मांडीवर ठेवला. "ही सगळी कालच बघून ठेवलेली. आता तू ताण. एकही फाटलेलं निघालं नाही तर उद्या खुशाल घेऊन ये."

लेकीला मांडीवर घेऊन ती तिचं जावळ सारखं करत बसली. मी ताणायला लागले. वाट्या चांगल्या निघाल्या. चांदणी चांगली निघाली. दर वेळी माझा जीव भांड्यात पडत होता. मग निळी कडी ताणली आणि अंगठ्याखाली ती हळूच उघडली.

मामीचं लक्ष नव्हतं. कडी गुपचूप वाट्यांखाली सारली असती तर उद्या सकाळी लेक इथेच, मामी खुशीत, मी निर्धास्त. किती सोपं होतं! मी दुसऱ्या बाजूनेही ताणून बघितली. चीर आणखी मोठी झाली.

"मामी," मी म्हटलं, "ही पण गेलीये."

तिचा हात जावळावरच थांबला. मग म्हणाली, "बरं झालं बोललीस. सगळी चांगली आहेत म्हणाली असतीस ना, तर मी विश्वास ठेवला असता. मलाही तेच ऐकायचं होतं."

मला रडू आवरेना. मामी रागावली, "रडू नकोस. ती बघतेय." मग मी डोळे पुसले, लेकीचे कपडे, बाटली, सगळं गोळा केलं, पिशवी खांद्याला लावून चपला शोधायला लागले.

"ए," मामी लेकीला छातीशी धरून म्हणाली, "आज जरा उशिरा ने हिला."

मी पिशवी खाली ठेवली.