पाचच्या टोलानंतरची सेवा

चुलीवर वरण उकळत होतं आणि हिराबाई हात धुऊन निघाली होती. पाचचा टोल नुकताच पडला होता.

"कुठं?" मी विचारलं.

"घरला. लेकरू अंगावर पितंय, भाऊसाहेब. सकाळपासनं सासूकडं टाकलंय."

दौंडजवळच्या एका देवस्थानात मी मुदपाकखान्याचा, म्हणजे अन्नछत्राच्या स्वयंपाकघराचा, सुपरवायझर होतो. साठ सालच्या आसपासची गोष्ट. मजुरी पाचपर्यंतची. पण संध्याकाळची गाडी आली की यात्रेकरूंची दुसरी पंगत बसे आणि माणसं अंधार पडेपर्यंत राबत. त्या वेळेचा पैसा मिळत नसे. ट्रस्टच्या भाषेत ती 'सेवा' होती.

चिटणीस तात्यासाहेब मागंच उभे होते. म्हणाले, "सेवा टाकून जाणारी बाई देवाच्या दारात नको. उद्यापासून हिला कमी करा."

हिराबाईच्या नवऱ्याचा पाय रेल्वेच्या लोको शेडमध्ये मोडला होता. घर तिच्या रोजावर चालत होतं, हे मला माहीत होतं. तरी मी तिला कमी केलं. माझी नोकरी नवी होती, हे कारण मी पुढं बरीच वर्षं स्वतःला देत आलो.

दुसऱ्या दिवशी लाकडं फोडणाऱ्या लतीफनं तात्यासाहेबांना गाठलं.

"साहेब, मी मुसलमान. संध्याकाळी फोडतो ती लाकडं कुणाच्या खात्यावर मांडता? तुमच्या देवाच्या, का आमच्या?"

"लाकडं फोड. जास्त बोलू नको."

बाया पदरात तोंड घालून हसल्या. म्हाळू आबा हसले नाहीत. हे कवठे येमाईकडचे धनगर. बाप मेंढरं राखायचा, आबा आमच्याकडं कढया उचलायचे. त्यांनी एवढंच विचारलं, "पाचनंतर सेवाच ना, तात्यासाहेब? मजुरी न्हाई?"

"सेवाच."

"मग ठीक हाय."

त्या संध्याकाळी टोल पडला आणि सगळ्यांनी हात धुतले. घरी कोणी गेलं नाही. सगळे सभामंडपात जाऊन बसले. लतीफ बाहेर पायरीवर बसला. आबांनी कानावर हात ठेवला आणि सुंबरान मांडलं. धनगर ओव्यांतून देवाची कथा सांगतात, त्याआधी देवाला आठवतात, ते सुंबरान. एकदा मांडलं की अर्ध्यावर मोडायचं नसतं. मोडणाऱ्यावर देव कोपतो.

तात्यासाहेब धावत आले. "अरे, पंगत बसायचीय! उठा!"

"सेवा चालू हाय साहेब," लतीफ पायरीवरून म्हणाला. "मधनं उठवलं तर पाप तुमच्या माथी."

गाडी आली. यात्रेकरूंत धनगर बरेच होते. तेही खाली बसले आणि मागून झील धरू लागले. शिरूरचे व्यापारी असलेले आमचे अध्यक्ष नेमके त्या दिवशी पाहुणे घेऊन आले होते. त्यांनी पुजाऱ्याला सांगितलं, "उठवा यांना." पुजारी म्हणाला, "मी नाही उठवणार. तुम्ही उठवा."

अध्यक्षांचीही छाती झाली नाही.

पण बाकीची माणसं उपाशी होती. अध्यक्षांनी कोट काढला. तात्यासाहेब धुरात खोकत वरण ढवळू लागले. भाकरी माझ्याकडं आल्या. निम्म्या तव्याला चिकटल्या, उरलेल्या कच्च्या राहिल्या.

पंगतीत एक म्हातारी म्हणाली, "आज अशा का रं भाकरी? बाया कुठं गेल्या?"

"सेवेला बसल्यात," अध्यक्ष म्हणाले.

"आन् तुम्ही काय करताय?"

अध्यक्ष वरणाची बादली घेऊन पुढच्या पानाकडं सरकले.

आबा पाणी प्यायला थांबले, तेव्हा अध्यक्ष कंबर धरून त्यांच्यापुढं बसले.

"आबा, कधी संपायचं हे?"

"देवाच्या कथा लई हायत, मालक. रोज पाचनंतर एक एक म्हणू."

अध्यक्ष हसलेच. "बोला, काय पाहिजे?"

"हिरा कामावर पायजे. आन् पाचनंतर राबवायचं तर रेल्वेत देत्यात तसा ओव्हरटाइम."

"देवाच्या दारात सौदा?" तात्यासाहेब कडाडले.

"तात्या," अध्यक्ष म्हणाले, "उद्या परत चुलीपुढं बसताय का?"

तात्यासाहेबांनी डोळे पुसले. अध्यक्ष आबांकडं वळून म्हणाले, "दिलं." मंडपात इतका गलका झाला की पुजाऱ्यानं आपण होऊन घंटा वाजवली. आबांनी उरलेली कथा त्याच रात्री पुरी केली. त्यात त्यांनी कसूर ठेवली नाही.

हिराबाई परत आली. पाचला जायची मुभा तिला मिळाली, थांबणाऱ्यांना जादा मजुरी मिळू लागली. "बरं झालं आलात," मी तिला म्हणालो. ती म्हणाली, "मला काढलं तवा तुम्ही बोलला न्हाईत. आता बी नका बोलू."

वर्षाच्या अहवालात मी लिहिलं की विश्वस्तांनी उदार मनानं कामगारांना ओव्हरटाइम सुरू केला. लोक अजून तेच खरं मानतात. ते खोटं आहे. तो म्हाळू आबांनी आणि त्यांच्यासोबत बसलेल्यांनी मिळवला.

सेवा ज्याची त्यानं ठरवायची असते. दुसऱ्यानं ठरवून दिली की तिला काम म्हणतात, आणि कामाला मजुरी पडते.