न दुखणारी सुई

ती घटना आठवली की आजही आधी माझे बूट आठवतात. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी नवी फौजदार. बूट आरशासारखे, डोक्यात मात्र अंधार. नाती विचारतात, "आजी, तू खरंच चोर पकडायचीस?" पकडायचे की! बऱ्याचदा चुकीचे.

पावणे गावातल्या कारखान्यांजवळ एक छोटं खासगी हॉस्पिटल होतं. एका कामगाराने तक्रार दिली. त्याची बायको तिथून बाळंत होऊन धडधाकट घरी आली आणि दोन-तीन महिन्यांनी काविळीने गेली. त्याच वॉर्डातल्या आणखी बायका पिवळ्या पडल्या होत्या.

"पाणी देणाऱ्या मावशीनंच काहीतरी घातलं, बाईसाहेब. बायकोशी भांडली होती ती."

मी माठातलं पाणी सीलबंद केलं, मावशीला ठाण्यात बसवलं आणि टेबलावर दांडकं आपटलं.

"आपटा बाय," मावशी म्हणाली. "पन पानी मीबी तेच पिते. माजे डोले पिवले हायत का?"

"मग कुणाचे आहेत?"

"सिस्टरचे. बगा जाऊन."

जबाबांसाठी पार दिघा गावापर्यंत आजारी बायकांची घरं पालथी घातली. सगळ्यांचं एकच. "बाकीच्या भोसकतात हो. या सिस्टरची सुई मुंगीएवढीपण चावत नाय. आमी तिच्याकडूनच घ्यायचो."

सिस्टरने मला सगळं कौतुकाने करून दाखवलं. तेव्हा सुया उकळून पुन्हा वापरत. उकळलेली बोथट सुई तिने दगडावर घासली, धार बघायला स्वतःच्या अंगठ्यात टोचली आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसली.

"परत नाही उकळत?"

"धार जाते ना मग."

सरकारी डॉक्टर म्हणाले, ही कावीळ पाण्यातली नाही, रक्तातली. कुठल्याशा पेशंटकडून सिस्टरला, तिच्या अंगठ्यातून पुढच्यांना.

मावशीला सोडलं. त्या कामगाराला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "माझी बायको त्या सिस्टरलाच हाका मारून बोलवायची हो."

ट्रेनिंगमध्ये आम्हाला वैर हुंगायला शिकवलं होतं. मीही दिवसभर वैरच हुंगत बसले. मायेचा माग काढावा लागेल, असं कुठल्याच कलमात नव्हतं. तपास मी तडीस नेला. त्याचा आनंद मात्र कधी झाला नाही.

सिस्टरचा जबाब घ्यायला गेले तेव्हा ती सरकारी दवाखान्यात खाटेवर होती, हळदीसारखी. नर्स इंजेक्शन घेऊन आली. सिस्टरने हात मागे घेतला.

"उकळल्यावर टोकाला हात लावलास?"

"नाही."

"मग दे," ती म्हणाली. "दुखू दे."