पाद्रीची टाकी

आमच्या मेरीबरो गावात नदी घरात शिरते, तिला बोलावणं लागत नाही. त्यामुळे इथल्या माणसांच्या अंगात एक गोष्ट मुरलेली आहे. घरात पाणी आलं की विचार करत बसायचं नाही, हात चालवायचे. गालिचा ओला असतानाच फाडायचा, गाद्या बाहेर, चिखल वाळायच्या आत फावड्याने बाहेर, आणि सगळं उचलून थेट कचऱ्याच्या डेपोवर. ज्याने उद्यावर टाकलं त्याच्या घराला वर्षभर कुबट वास. डेस्लीचं वाटोळं झालं ते या चांगल्या सवयीपायी, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. पण ते पुढे सांगते, आधी डेस्ली कोण ते ऐक.

डेस्ली म्हणजे हाडापेराने रुंद आणि आवाजाने त्याहून रुंद बाई. उभी हयात इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुण्यात गेली. नवरा क्लेम लाकूड कापायच्या गिरणीत. ती बडबडी, तो अबोल. लोक म्हणायचे, बिचाऱ्याला बोलायला जागाच मिळाली नाही. क्लेमचं जे काय बोलणं असायचं ते माशाशी.

मासाही साधासुधा नव्हे. आपल्याच नदीतली ती जुनाट जात, फुफ्फुसवाली. वर येऊन माणसासारखी हवा घेते. रीतसर परवाना काढून क्लेमने पिल्लू आणलं होतं, आणि वाढता वाढता ते हाताएवढं झालं. डोळे बारीक, अंगावर मोठे मोठे खवले, आणि तोंड असं गंभीर की आता उठून प्रार्थना सांगेल. म्हणून त्याचं नाव पाद्री. अधूनमधून पाद्री वर यायचा आणि भस्सकन् हवा घ्यायचा. जेवायला आलेले पाहुणे दचकायचे.

"कोण गं उसासा टाकतंय?"

"सासूबाई," डेस्ली म्हणायची. "गेल्या, पण नाराजी इथंच ठेवून गेल्या."

क्लेम गालात हसायचा. आईवरचा विनोद त्याला चालायचा, माशावरचा चालायचा नाही.

टाकी त्याने स्वतः बांधली होती. गावातलं कापडाचं दुकान बंद पडलं तेव्हा त्याच्या दर्शनी काचा याने उचलून आणल्या. जाड, चांगल्या बोटभर. ठेवली पुढच्या व्हरांड्यात. तो व्हरांडाही यानेच बंद करून खोली केलेली, खाली भुसा दाबून केलेल्या फळ्या, वर लिनोलियम अंथरलेलं. दर शनिवारी नळीने जुनं पाणी काढायचं, नवं भरायचं. नळी ओढताना पाणी सांडायचंच.

"अरे, घरात मासा पाळलायस का नदी?" डेस्ली ओरडायची.

हा पायाने जुना टॉवेल सरकवायचा. झालं पुसून.

मग क्लेमला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डेस्लीने त्याला इस्पितळातून घरी आणला, कारण तिने शब्द दिला होता. क्लेमची आई शेवटी म्हाताऱ्यांच्या आश्रमात भिंतीकडे तोंड करून गेली, ते त्याने बघितलेलं. तेव्हा तो एकदाच म्हणाला होता, "डेस, मला तिथं टाकू नकोस." आणि ही म्हणाली होती, "टाकते कशाला, तू चिवट आहेस, तूच मला पोचवशील." विनोदात दिला, पण शब्द तो शब्द.

खाटेला जागा व्हरांड्याच्या खोलीतच होती, टाकीसमोर. खाली-वर होणारा पलंग आला, त्याला झोळीत घालून उचलायचं चाकांचं यंत्र आलं, छोट्या क्रेनसारखं. सकाळी घरी येऊन आजाऱ्यांचं करणाऱ्या सेवेच्या ऑफिसातून माकारेटा यायची, न्यूझीलंडकडची माओरी पोरगी, दंडात ताकद आणि ओठावर गाणं. क्लेम कुणाकडे बघत नसे. डेस्लीकडेही नाही. पण पाद्री वर यायला लागला की त्याची मान वळायची, आणि पाद्रीने हवा घेतली की हाही तोंड उघडून लांब श्वास घ्यायचा.

"मावशी," माकारेटा म्हणायची, "हे दोघं मिळून एकच छाती चालवतात बघा."

डेस्लीला तेवढं पुरत होतं.

एका सकाळी माकारेटाला उशीर झाला. क्लेम पलंगावरून घसरत घसरत कडेला आलेला. डेस्लीला राहवेना. तिने एकटीने झोळी लावली, यंत्र वर घेतलं आणि वळवलं. त्याचा लोखंडी हात टाकीच्या कोपऱ्याला लागला. टक् एवढाच आवाज. डेस्ली म्हणते, क्षणभर काहीच झालं नाही. मग अख्खी काच कोसळली. पाणी धाडकन् अंगावर आलं, लिनोलियमवरून स्वयंपाकघरापर्यंत गेलं. पाद्री पलंगाखाली आपटत होता. आणि क्लेम वर झोळीत लटकलेला, खाली बघतोय. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या गळ्यातून आवाज निघाला. तो आवाज कसा होता ते डेस्ली कुणाला सांगत नाही.

तिने क्लेमला खाली घेतला, मग काचांतून पाद्रीला ओल्या चादरीत गुंडाळून बाथटबात सोडला. तो जगला. ती जात चिवटच.

घर खांबांवर उंच, त्यामुळे पाणी फळ्यांच्या फटींतून खाली गळायला लागलं. शेजारची नोलीन कपडे वाळत घालत होती, तिने पाहिलं.

"डेस! अगं, क्लेमने आंघोळ काढली का काय?"

"टाकी फुटली गं!"

बस, एवढंच पुरलं. सगळा रस्ता आला. कुणी मॉप, कुणी फावडं, कुणी पाणी ओढायचं यंत्र. नोलीनचा नवरा व्हर्न गाडीला ट्रेलर जोडूनच आला. लिनोलियम फाडून बाहेर, काच गोळा करून ट्रेलरमध्ये, टाकीखालचा लाकडी ठोकळा मोडून वर, जंतुनाशक ओतून घासलं, पंखे लावले. क्लेमला हातांवर उचलून स्वयंपाकघरात हलवला. जेवायच्या वेळेआधी व्हर्न डेपोवर जाऊन रिकामा परत. नोलीनने खारवलेल्या मांसाची सँडविचं कापली. सगळे अंगणात चहा पीत उभे, तोंडावर समाधान.

"पुराच्या वर्षापेक्षा लवकर आटपलं," व्हर्न म्हणाला.

विम्याचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. येणार कसं? नदीच्या पाण्याचा विमा आमच्या रस्त्यावर कुणाला परवडत नाही. पाणी म्हटलं की विमा नाही, हे डोक्यात पक्कं बसलेलं. संध्याकाळी माकारेटा म्हणाली, "मावशी, टाकी फुटली तर देतात की. ती नदी थोडीच आहे? माझ्या बहिणीला मिळाले."

डेस्लीने फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलली. हो, घरातली माशांची टाकी अचानक फुटली तर पाण्याने झालेलं नुकसान धरतो. "फक्त काही टाकून देऊ नका हं, आमचा माणूस बघायला येईल."

डेस्ली त्या स्वच्छ झाडलेल्या जमिनीकडे बघत राहिली. व्हर्न तसाच डेपोवर पळाला. त्यांनी त्यावर दिवसभराचा कचरा ढकलून बुलडोझर फिरवला होता.

आणि जमीन फुगायला लागली. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फळी वर आली, पाय टाकला की आत जायची. सेवेच्या ऑफिसातली बाई आली, तिने टाचेने दाबून बघितलं. म्हणाली, अशा जमिनीवर ते यंत्र आम्ही चालवू देणार नाही, आमची मुलगी पडेल. दुसऱ्या खोल्यांची दारं अरुंद, त्यातून यंत्र जात नव्हतं. परवानावाल्या सुताराकडून जमीन नवी करा, मग आम्ही येऊ. तोवर क्लेम कुठे? जागा मिळाली ती लांब, बंडाबर्ग शहरातल्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात.

"तात्पुरता हं," डेस्ली त्याच्या कानाशी म्हणाली. "जमीन झाली की आणतेच." क्लेम छताकडे बघत होता.

म्हणजे सगळं आता त्या विम्याच्या माणसावर.

तो आला. लिडगार्ड नावाचा, पोरसवदा, अदबशीर. दारात बूट काढले.

"काच कुठंय, मॅडम?"

"डेपोत."

"लिनोलियम?"

"डेपोत."

"फोटो काढलेत?"

"मासा जमिनीवर तडफडतोय, नवरा हवेत लटकलाय, आणि मी फोटो काढू, बाबा?"

तो ओशाळला. मग गुडघ्यावर बसला. टाकीचा ठोकळा होता तिथे काळं कडं उमटलेलं होतं. त्याने बोट लावलं.

"हे कधीचं?"

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, मला काय ठाऊक. डेस्लीला तसलं येत नाही. वर तिला त्या डागाचं कौतुक. "हे होय? हे आमच्या क्लेमचे शनिवार. पाणी बदलायचा ना, किती वर्षं झाली. सांडायचंच थोडं."

"म्हणजे पाणी बरीच वर्षं मुरत होतं."

"टाकी गळत नव्हती रे! मी फोडली. माझ्या या हातांनी यंत्र आपटलं."

"हो, मॅडम," तो म्हणाला आणि लिहीत राहिला. जाताना त्याने विचारलं, "मासा?"

"बाथटबात आहे. का, त्याचीही साक्ष घेतोस?"

तो हसला. "मासा आम्ही सामानात धरत नाही."

उत्तर फोनवर आलं. टाकी फुटली हे आम्ही मानतो. पण फळ्या त्या पाण्याने गेलेल्या नाहीत. एकाएकी आलेल्या पाण्याचं देतो, हळूहळू मुरलेल्याचं देत नाही.

नोलीन भडकली. "भांड त्यांच्याशी! मी येते साक्षीला. ए व्हर्न, घराखाली शीर आणि बघ, तुळया धडधाकट असतील. दाखवू त्या पोराला."

व्हर्न टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली शिरला. खांब पुढच्या बाजूला बुटके, तिथे त्याला पोटावर सरपटावं लागलं. डेस्ली वाकून बघत होती, तिला नुसते त्याचे बूट दिसत होते. टोचल्याचा आवाज येईना. लाकडाला लोखंड टोचलं की खट् वाजतं ना, तसं काहीच वाजेना.

तो बाहेर आला, केसांत जाळी. म्हणाला, "कोळी फार झालेत गं खाली." तिच्याकडे बघेना.

डेस्लीने त्याच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला. मुठीपर्यंत काळा लगदा लागलेला होता, ओला. तिने तो अंगठ्याने पुसला, वास घेतला. टाकीचाच वास.

"तो पोरगा खोटं नव्हता बोलत तर," ती म्हणाली.

"काच असती, तर कदाचित..." व्हर्न पुटपुटला.

"काच असती तरी लाकूड हेच होतं, व्हर्न. चल, हात धू. चहा टाकते."

गिरणीत जन्मभर लाकूड पारखलेला माणूस, आणि स्वतःच्या खोलीखालची तुळई दर शनिवारी टॉवेलभर पाण्याने कुजवत गेला. कुणाला दोष देणार? सुताराने तुळयांसकट सांगितला तो आकडा ऐकून डेस्लीने त्याला चहा पाजला आणि निरोप दिला.

क्लेम बंडाबर्गलाच राहिला. डेस्ली बसने जाते. तिथे त्याच्या पलंगासमोर पिवळसर भिंत आहे, बाकी काही नाही. तो मान वळवत नाही. ती नखं कापते, रस्त्यावरच्या बातम्या सांगते, नोलीन काय म्हणाली, व्हर्नचा गुडघा कसा आहे. त्याचा श्वास वरवरचा, भुरका मारल्यासारखा.

एकदा तिला काय वाटलं कोण जाणे. तिने दार लोटलं, त्याच्या कानाशी वाकली आणि तोंडाने आवाज काढला. भस्स. अगदी तसाच, इतकी वर्षं ऐकलेला.

क्लेमची मान वळली. डोळे उघडले, चांगले मोठे. ते डेस्लीवरून सरकले आणि भिंतीवर गेले, मग कोपऱ्यात, खिडकीकडे, छताला, परत भिंतीवर. तो शोधत होता. चालता हात चादर खरवडायला लागला. तोंड उघडलं, पण श्वास आत जाईना, नुसता गळ्यातून आवाज. तोच, झोळीतला.

परिचारिका धावत आली. "काय झालं?"

"काही नाही," डेस्ली म्हणाली. "मी शिंकले."

भेटीची वेळ संपेपर्यंत तो शोधत होता. तिने तो आवाज परत कधी काढला नाही.

पाद्री अजून बाथटबातच आहे. एवढी मोठी टाकी कोण आणणार, आणि ठेवणार कुठे? डेस्ली बादलीतून तांब्याने अंग धुते. बंडाबर्गहून परत आली, किल्ली टेबलावर टाकली, की आतून तो भस्सकन् हवा घेतो. नोलीन सोबत असली तर वाट बघते, की ही आता सासूचं काही बोलेल.  डेस्ली जाते आणि न्हाणीघराचं दार ओढून घेते.