चहा की दूध

वाटूरच्या भुजंग मास्तरांच्या घरी चहासुद्धा परीक्षा दिल्याशिवाय मिळत नसे. लेक बेबीनंदा शाळेतून आली की मास्तर विचारणार, चहा की दूध, आणि तिनं इंग्रजीतच सांगायचं. लाइक म्हणजे नुसतं आवडणं, त्यात काय, सगळंच आवडतं माणसाला. प्रिफर म्हणजे नेहमीचं झुकतं माप, दुधापेक्षा चहा बरा. आणि वुड रादर म्हणजे आत्ता, या घडीला, ते नको, हे हवं. हे म्हणायला छाती लागते, असं मास्तर बजावायचे. चुलीपाशी तिची आई दुर्गाबाई करवादायच्या की दूध उतू गेलं, आता बसा निवडत.

शहात्तर साली पोरगी मॅट्रिक झाली, तीही पहिल्या वर्गात. तिला मास्तरीण व्हायचं होतं. जालन्याच्या डी.एड.चा फॉर्म मास्तरांनीच आपल्या वळणदार अक्षरात भरून ठेवला होता. तेवढ्यात मेहुण्यानं घनसावंगीचं स्थळ आणलं. मुलगा तलाठी, वर वीस एकर ऊस. नवरदेव आलाच नाही. चुलते-मामे मिळून सात जण आले, परातभर पोह्यांचा फडशा पाडला आणि मंग फर्माईश झाली: इंग्रजीच्या मास्तरांची लेक ना, होऊन जाऊ द्या काहीतरी इंग्रजीत.

पाटावरच्या बेबीनंदानं मान न उचलता सांगितलं, "आय वुड रादर स्टडी दॅन मॅरी."

मंडळी बेहद्द खूश. थोरल्या चुलत्यानं विचारलं, "मास्तर, काय म्हणून राह्यली पोरगी?"

सातांपैकी एकालाही अक्षर कळलं नव्हतं. कळलं होतं फक्त मास्तरांना. लग्न नको, शिकायचंय. बिलकुल बराबर बोलली होती, छाती करून. पण मेहुणा डोळे वटारून बघत होता, आणि सुपारी फुटायचीच काय ती बाकी होती. मास्तरांनी घसा खाकरला.

"म्हणते, तुमचं घर आवडलं."

बरोबर उत्तरावर फुली पडली की पोरं गुरुजींकडे बघतात, तसं तिनं एकदाच वर बघितलं.

पुढच्या वैशाखात बार उडाला. गल्लीनं बुंदी हाणली आणि मास्तर बाईमाणसासारखे रडले म्हणून आठवडाभर त्यांची टिंगलही केली. का रडले, ते कुणी विचारलं नाही.

पंचमीला बेबीनंदा माहेरी आली. जुन्या सवयीनं मास्तर विचारून गेले, चहा की दूध.

"काहीबी चालतं, अण्णा."

मास्तर स्वतः चुलीपुढे बसले. दोन्ही केलं. दोन्ही पेले तिच्यासमोर ठेवले. आत काय आहे हे न बघताच तिनं हाताजवळचा उचलला.